बी.एड. इंटर्नशिप: वर्गात अडखळत बोलणारा मुलगा आहे, प्रकट वाचनाला उठवू की नको?

पाठटाचण:
नमस्कार, बी.एड. दुसरं वर्ष, इंटर्नशिपला सातवीचा वर्ग मिळालाय. मराठीच्या तासाला रांगेने एकेकाला वाचायला उठवत होते, एका मुलाची पाळी आली आणि तो 'क'वरच अडकला, मान झटकायला लागला, मागची पोरं हसली, मला काही सुचेना म्हणून मीच ते वाक्य पटकन पूर्ण केलं आणि बस म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. बाकीच्या छात्राध्यापकांना विचारलं तर एक म्हणतो घाबरट असेल, दुसरी म्हणते घरी फार ओरडत असतील, तिसऱ्याचं म्हणणं वेखंड चाटवायला सांग. समावेशक शिक्षणाचा पेपर सगळ्यांनी दिलाय, पण तोतरेपणावर एखादीच ओळ आठवतेय. त्याला आता उठवायचंच नाही का?

सह्याद्री३४:
मी स्वतः तोतरं बोलतो. पोरांच्या हसण्यापेक्षा दुसऱ्याने वाक्य पूर्ण केलेलं जास्त लागतं, खरं सांगतो. हजेरीला 'हजर'मधला ह निघायचा नाही म्हणून हात वर करायचो, तर बाई म्हणायच्या तोंड नाही का. आणि रांगेने वाचन म्हणजे आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येतोय ते मोजत बसायचं, धडा डोक्यात शिरतच नाही. पण एका सरांनी मला वर्षभर उठवलंच नाही, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, नंतर मात्र दहावीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडलं नाही. तेव्हा सोडून देऊ नका प्लीज.

वाचा_थेरपिस्ट:
भित्रेपणाने किंवा घरच्यांच्या ओरडण्याने तोतरेपणा सुरू होत नाही, ताणाने वाढतो एवढंच. तो बहुतेक वेळा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो, अनुवंशाचा भाग मोठा असतो, मुलग्यांत जास्त दिसतो. साधारण १०० तली ५ मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप थांबतं, मोठेपणी १०० त एखाद्याचं राहतं. 'हळू बोल, श्वास घे' म्हणू नका, त्याचं वाक्य संपेपर्यंत नेहमीसारखं बघत थांबा. जोडीने एकत्र वाचलं की बहुतेकांचं अडखळणं खूप कमी होतं, तसं करून बघा, फक्त 'बघ, येतंय की तुला' असं म्हणू नका, कारण एकट्याने बोलताना परत अडकणारच. पालक तयार असतील आणि मुंबई जवळ असेल तर बांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत दाखवता येईल.

खडूफळा:
२२ वर्षं शिकवतेय. हसणाऱ्यांना त्याच्यासमोर झापू नका, तो अजून चव्हाट्यावर येतो. त्यांच्याशी वेगळं बोला.

पाठटाचण:
सगळ्यांचे आभार. आज मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन सॉरी म्हटलं आणि विचारलं, तुला वाचायला कसं बरं पडेल. खूप वेळ लागला त्याला, मी थांबले. म्हणाला, 'बाई, पहिला नंबर माझा लावा, वाट बघायला लागली की जास्त अडकतं.' उद्या तिसऱ्या तासाला पहिला तोच वाचणार आहे.