इन्व्हेंटरी स्क्रिप्ट रात्रभर चालते: पॅरलल मारायची की मुळातून बदलायची?

खराडी_अ‍ॅडमिन:
आमच्याकडे ईएसएक्सआय होस्ट (व्हीएमवेअरचे सर्व्हर) आणि त्यांवरच्या सगळ्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) यादी काढणारी पॉवरसीएलआय (व्हीएमवेअरसाठीचं पॉवरशेल मॉड्यूल) स्क्रिप्ट आहे, लिहिणारा कधीच सोडून गेला, रात्री लावली की सकाळी लोक चहाला उतरतात तरी चालूच. आत काय, तर व्हीएमचा लूप आणि प्रत्येक फेरीत गेट-व्हीएमहोस्ट, गेट-डेटास्टोअर, गेट-स्नॅपशॉट, म्हणजे दर व्हीएममागे व्हीसेंटरला (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर) परत परत प्रश्न. पोरं म्हणतात पॉवरशेल ७ टाका आणि फॉरईच-ऑब्जेक्ट पॅरलल करा, म्हणजे लूपच्या फेऱ्या एकाच वेळी चालतील. मला हे पटत नाही. म्हणजे दुकानदाराला दर मिनिटाला एक फोन करायचा तर पाच जणांनी मिळून करायचे! गेट-व्ह्यूने सगळ्या व्हीएम एकदम मागवा, प्रॉपर्टीत हवं तेवढंच सांगा, नाव, रनटाइम डॉट होस्ट, कॉन्फिग डॉट हार्डवेअर. होस्टही एकदाच आणून मोरेफप्रमाणे (व्हीसेंटरने दिलेला आयडी) हॅशटेबलात (की दिली की लगेच नोंद सापडते असा तक्ता) ठेवा, मग लूपमध्ये व्हीसेंटरला विचारायलाच नको.

फेज_टू:
दादा, तुमचं एकच व्हीसेंटर दिसतंय. आमच्याकडे डीआर (आपत्तीसाठीची पर्यायी साइट) धरून बरीच आहेत, एकाचं उत्तर येईपर्यंत बाकीच्यांनी का ताटकळायचं? आणि तो हॅशटेबल जपून, मोरेफ एकाच व्हीसेंटरपुरता युनिक असतो, दोन्हीकडे तोच होस्ट नंबर निघू शकतो. हॅशटेबलाच्या ‘की’मध्ये व्हीसेंटरचं नाव जोडा नाहीतर पुण्याची व्हीएम चेन्नईच्या होस्टवर दिसेल.

खराडी_अ‍ॅडमिन:
‘की’चं बरोबर. व्हीसेंटरगणिक पॅरललही मान्य. पण व्हीएमगणिक नको, प्रत्येक रनस्पेस (पॅरलल फेरी जिथे चालते ते पॉवरशेलचं स्वतंत्र सेशन) वेगळा, तिथे मॉड्यूल परत लोड होणार, कनेक्शनचं बघावं लागणार, आणि पॉवरसीएलआय लोड व्हायला किती रेंगाळतं ते सगळ्यांना माहितीये. वर रात्री बॅकअप त्याच व्हीसेंटरवर बसलेला असतो.

सदाशिव_रूट:
एवढा खटाटोप कशाला? रात्रीच चालते ना, कोणाचं काय अडलंय? घाई असेल तर आरव्हीटूल्स (अशी यादी काढणारं तयार टूल) चालवा, एक्सेल घ्या, घरी जा. गेट-व्ह्यूचा तो कोड नवीन आलेल्या पोराला वाचता तरी येतो का?

फेज_टू:
अडतं ना काका. रात्रभरात डीआरएस (लोड बघून आपोआप जागा बदलणारी व्हीएमवेअरची सोय) व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवतो, त्यामुळे यादीचा वरचा भाग रात्री दहाचा, खालचा पहाटेचा, आणि कुठल्याच एका वेळेला खरं नसलेलं चित्र मॅनेजरकडे जातं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर लायसन्स कोरवर आलंय, सीपीयूमागे किमान १६ कोर धरतात, आता आकडे नीट लागतातच.

सदाशिव_रूट:
कोर मोजायला व्हीएम कशाला हव्यात? होस्टचे सॉकेट आणि कोर घ्या, काम मिनिटात होतं. सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये कोंबायची हौस, दुसरं काय.

खराडी_अ‍ॅडमिन:
हे मात्र खरंय, लायसन्सचं वेगळं काढतो. पण व्हीएमची यादी लागतेच, बाकी टीमवाले रोज मागतात.

बाणेर_बॅश:
अ‍ॅरेला प्लस-इक्वल करून ओळी जोडताय का तेही बघा, जुन्या पॉवरशेलमध्ये दर वेळी अख्खा अ‍ॅरे कॉपी होतो. पण तुमचा वेळ खाणारा खरा चोर मला गेट-स्नॅपशॉट (व्हीएमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था शोधणारी कमांड) वाटतो. गेट-व्ह्यूत स्नॅपशॉट प्रॉपर्टी मागा, ती रिकामी असेल त्या व्हीएमला विचारूच नका, उरलेल्यांसाठीच गेट-स्नॅपशॉट लावा. आधी मेझर-कमांड लावून कशाला किती वेळ लागतो ते आकडे टाका, मग भांडू.