पंचवटीने कल्याण, पुढे मेट्रोने अंधेरी: आईला घेऊन घाटकोपरला गाडी बदलणं जमेल का?

जेलरोडकर
आईला अंधेरीला डॉक्टरांना दाखवायचंय, वेळ साडेअकराची. वय ७२, गुडघे दुखतात. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरणार. दादरला जाऊन वेस्टर्नच्या (पश्चिम रेल्वेच्या) लोकलने उलटं यावं, की कल्याणला उतरून लोकलने घाटकोपर गाठून तिथून मेट्रो घ्यावी? तिथल्या गर्दीचे व्हिडिओ बघून आई धास्तावलीय.

सिडकोची सून
दादा, घाटकोपरनेच जा. माझं माहेर घाटकोपरजवळच्या असल्फ्याचं, नोकरी अंधेरीकडच्या चकाल्याला होती, दोन्ही याच मेट्रोच्या वाटेवर. बसने साकीनाका ओलांडता ओलांडता जीव जायचा. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर ते वर्सोवा, ११.४ किलोमीटर, २१ मिनिटांवर आलं. तोवर उपनगरात मध्य आणि पश्चिम रेल्वेला जोडणारी आडवी गाडीच नव्हती, दादरचा वळसा ठरलेला. म्हणून ठाणे-कल्याणकडची सगळी माणसं याच एका स्टेशनात येतात आणि गाडी मात्र चार डब्यांची. गर्दी होते ती यामुळे.

पण घाटकोपर हे टोकाचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते. एक भरली तर खुशाल सोडा आणि रांगेत पुढे उभे राहा, पुढची काही मिनिटांत येते. आईंना बसायला मिळेल. लोकलच्या पुलावरूनच मेट्रोत शिरता येतं, रस्त्यावर उतरायचं नाही. मेट्रोत लिफ्ट आहे, तिकीट मोबाइलवर आधीच काढा. असल्फ्याला डोंगरावरची रंगवलेली घरं आईंना नक्की दाखवा, माझं बालपण तिथेच गेलं.

पासवाला
कल्याणला फास्ट लोकलच्या नादी लागू नका. तिथूनच सुटणारी स्लो घ्या, आईंना जागा मिळेल. विक्रोळी गेलं की दाराकडे सरका. आणि त्यांना एकट्यांना लेडीज डब्यात बसवू नका, घाटकोपरला चुकामूक झाली तर त्या गर्दीत शोधणं फार अवघड.

जेलरोडकर
ताई, दादा, मनापासून आभार. येताना पण मेट्रोच घ्यावी का?

सिडकोची सून
दुपारी चारच्या आत निघत असाल तर हो. संध्याकाळी गाडी वर्सोव्याहून भरत येते आणि अंधेरीला वेस्टर्नची माणसं चढतात, तिथे सोडलेल्या गाडीनंतरची गाडीही भरलेलीच असते. उशीर झाला तर रिक्षाने थेट घाटकोपर गाठा, वेळ जाईल, पण आईंना उभं राहावं लागणार नाही.