मदत हवी आहे: राणीछाप रुपयावरचे ठिपके कसे मोजायचे?

घरातल्या जुन्या नाण्यांची नीट यादी करतोय. त्यात १८६२ सालचा राणीछाप रुपया आहे, 'व्हिक्टोरिया क्वीन' लिहिलेला. वजन ११.६ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अशा रुपयांपुढे 'ए/दोन, ०/४, व्हीएफ, टोन्ड' असं लिहिलेलं असतं. यातल्या बऱ्याचशाचा अर्थ लागला. व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी म्हणजे झीज किती त्याची प्रत. टोन्ड म्हणजे चांदीवर काळानुसार चढलेला रंग. ए आणि बी हे राणीच्या चित्राचे प्रकार, त्यापुढचा आकडा मागच्या नक्षीचा. १८६२ हेच साल ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर ठिपक्यांची संख्या बदलत गेली, हेही वाचलंय. मला तर याच ठिपक्यांचं सगळ्यात कुतूहल आहे.

आणि नेमका तिथेच अडलोय. दहापट भिंगातून सालाखालचे ठिपके स्वच्छ दिसतात. त्याच बाजूच्या नक्षीतल्या वरच्या फुलाजवळ मात्र एक बारीक उंचवटा आहे, कडा पुसट, खालच्या ठिपक्यांहून लहान. तिरप्या उजेडात धरून पाहिलं, फोटो मोठा करून पाहिला, तरी ठरत नाही.

नाणं विकायचं नाही, त्यामुळे किंमत नको. धुतलेलं नाही आणि धुणारही नाही. दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडलेत.

'०/४' मधला पहिला आकडा वरच्या फुलाजवळच्या ठिपक्यांचाच ना? आणि झिजलेल्या नाण्यावर खरा ठिपका आणि नक्षीचा उरलेला तुकडा यांतला फरक तुम्ही कशावरून ओळखता?