घरच्या बर्गरला काय लावता? आपापले अनुभव सांगा

पाचपाखाडी, ठाणे

गेल्या शनिवारी मुलाचे मित्र आले होते. चौदा बर्गर केले. टिक्की बटाटा-वाटाण्याची, बन कोपऱ्यावरच्या बेकरीतले. टेबलावर पाच बाटल्या मांडल्या आणि मुलांनी पाचही लावल्या. मी दोन बर्गर चाखून बघितले, दोन्हींची चव एकच: गोड आणि चिकट. टिक्कीत आलं, हिरवी मिरची, आमचूर सगळं होतं, ते कुठेच लागेना. एका मुलाने मात्र दुपारचा उरलेला कैरीचा टक्कू बनमध्ये भरला होता. त्याच्याकडचा एक घास खाल्ला आणि तेव्हापासून हाच विचार चालू आहे.

टिक्कीत जे नाही ते वरच्या चटणीने द्यावं, असं आता वाटतंय. बटाटा मऊ आणि पिठूळ, त्याला आंबट-तिखट हवं. त्यावर पुन्हा गोड केचप कशाला? तुम्ही काय लावता, का लावता, काय फसलं, तेही लिहा. बाटलीतलं चालेल, वाटीतलंही चालेल.

वाशी

मी डब्यात नेतो. सकाळी आठला बांधलेला बर्गर ऐरोलीला ऑफिसात दुपारी एकला उघडायचा. सुरुवातीला खालच्या बनचा लगदा व्हायचा, कारण केचप मी थेट बनवर लावत होतो आणि त्याच्यावर काकडी. आता बनच्या दोन्ही आतल्या बाजू तव्यावर लोण्यात खरपूस करतो, गार होऊ देतो, मग खाली मेयोचा पातळ हात. तेल-लोण्याचा थर पाणी आत जाऊ देत नाही. पाणी सुटणारं सगळं, म्हणजे पुदिन्याची चटणी, टोमॅटो, कांदा, वेगळ्या डबीत. पुदिन्याच्या चटणीत वाटतानाच मूठभर डाळवं घातलं तर पाणी बरंच कमी सुटतं, हे आईने सांगितलं.

नौपाडा, ठाणे

मी साठी ओलांडलेली, बर्गर शिकले ते नातवासाठी. त्याला बाहेरची पिवळी मस्टर्ड फार आवडते. बाटलीवरचं वाचलं तर मोहरी, व्हिनेगर, हळद. म्हटलं, ही तर आपली फेसलेली मोहरी! काकडीच्या कोशिंबिरीला आम्ही लहानपणापासून लावत आलोय.

दोन चमचे मोहरी कोरडी बारीक करायची, मग गार पाणी घालून फेसायची, नाकात झणका जाईपर्यंत. कोरड्या मोहरीला झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की तो तयार होतो, आणि त्याला दहाएक मिनिटं द्यावी लागतात. एकदा घाईत गरम पाणी घातलं तर झणका आलाच नाही, नुसती कडवट पेस्ट उरली. लिंबूही आधी पिळायचं नाही. आंबट पडलं की झणका वाढायचा थांबतो, म्हणून तो पुरेसा चढल्यावरच लिंबू, मीठ, चिमूटभर साखर.

आपली काळी मोहरी पिवळीपेक्षा खूप जहाल. तशीच लावली तर मुलं रडतील. चार चमचे चक्क्यात अर्धा चमचा मोहरी मिसळते. चक्का पाणी पूर्ण निथळलेला हवा, नाहीतर वाशीकर म्हणतात तसा लगदा होतो. बटाट्याच्या टिक्कीला याच्याइतकं काहीच शोभत नाही, हे माझं ठाम मत.

दिवाळे, बेलापूर

आमच्याकडे बर्गर म्हणजे बोंबलाचा. बोंबील चिरून, दगडाखाली दाबून पाणी काढलेला, आगरी मसाला, तांदळाचं पीठ आणि रवा लावून तळायचा. त्यावर केचप बघितलं की मला राग येतो. मासळीला गोड नको.

परदेशात तळलेल्या मासळीला टार्टर सॉस देतात: मेयो, त्यात बारीक चिरलेली खारवलेली काकडी आणि केपर्स, म्हणजे एका झुडपाच्या खारवलेल्या आंबट कळ्या. केपर्स इथे कुठे शोधत बसू? मी मिठाच्या पाण्यातली कैरी घेते, बारीक चिरते, कांदा आणि कोथिंबीर घालते आणि अगदी थोड्या मेयोत कालवते. कैरीचा खारट-आंबटपणा तळणीचं तेल कापतो. कैरी नसेल तर नुसतं लिंबू आणि चिरलेला कांदा.

खारघर

घरी अंडं चालत नाही, म्हणून मेयो दुधाचं करते. अर्धा कप एकदम गार दूध, एक कप वास नसलेलं तेल, मीठ, थोडी मोहरीची पूड. उभ्या भांड्यात हॅन्ड ब्लेंडर तळाला टेकवायचा आणि घट्ट व्हायला लागेपर्यंत हलवायचा नाही. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाण्याला एकत्र धरून ठेवतं. इथे ते काम दुधातली प्रथिनं करतात. लिंबू शेवटी, त्याने आणखी घट्ट होतं. दोनदा फसलं. एकदा दूध कोमट होतं, एकदा तेल हाताने भसकन ओतून चमच्याने घोटत बसले.

आता त्यात कैरीच्या लोणच्याचा खार एक चमचा घालते. आमच्याकडे बाटली आणणं बंद झालं.

कोपरी, ठाणे

वरच्या ताईंचं दुधाचं असो की अंड्याचं, घरचं मेयो बाहेर ठेवू नका. मे महिन्यात आमच्या गच्चीवर जेवण होतं. कच्च्या अंड्याचं लसूण-मेयो मी स्वतः केलं होतं, संध्याकाळी सहाला वर नेलं आणि साडेनऊपर्यंत ते तसंच होतं. रात्री घरातल्या चौघांना उलट्या-जुलाब, त्यात माझी सासूबाई. डॉक्टरांनी पहिला प्रश्न अंड्याचाच विचारला. ती रात्र मी विसरले नाही.

आता वाटी बर्फाच्या ताटलीत ठेवते, उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नाही, उरलं तर टाकून देते.

नेरूळ

बाबांना मधुमेह आहे. केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर असते आणि बाबा सहज तीन चमचे घेत. मग टोमॅटो तव्यावर भाजून, साल काढून, लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून ठेचले आणि पाणी आटेपर्यंत परतले. पहिल्या दिवशी त्यांनी बाजूला सारलं. चौथ्या वेळी स्वतः मागून घेतलं. बनही गव्हाचा आणि एकच, हे वेगळं सांगायला नको.

घोडबंदर रोड, ठाणे

शेजारी जैन आहेत, त्यांच्यासाठी कच्च्या केळ्याची टिक्की करते. कांदा-लसूण नाही, तर चव आणायची कशी? दही-मेतकूट. घट्ट चक्क्यात मेतकूट, वर हिंग-मोहरीची फोडणी, गार करून. आता आमच्या घरातही तेच लागतं.

पाचपाखाडी, ठाणे

नौपाड्याच्या काकू, काल तुमची मोहरी केली. मुलाने पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसरा बर्गर मागितला आणि केचपची बाटली उघडलीच नाही. एकच विचारायचंय: फेसून फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का?

नौपाडा, ठाणे

लिंबू घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, तीन-चार दिवस झणका बऱ्यापैकी राहतो. चक्क्यात मात्र खायच्या वेळीच कालव. आणि पुढच्या वेळी त्याच्याकडूनच फेसून घे. माझा नातू आता खलबत्ता स्वतः काढतो.