भिंतीच्या तड्याची रुंदी मोबाईलच्या फोटोवरून मोजता येते का?

कृष्णाकाठ:
सांगलीत नदीजवळ आमचं जुनं घर, 2019 च्या पुरात आत पाणी होतं, त्यानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरका तडा गेलाय. दर महिन्याला फोटो काढतोय पण एकदा वाटतं वाढलाय, एकदा वाटतं आहे तेवढाच. आई रोज सकाळी त्यावर बोट फिरवून बघते. एका इंजिनियरला बोलावलं तर लांबूनच बघून ‘प्लास्टर आहे’ म्हणाले आणि गेले. नक्की मोजायचं कसं?

साइटवाला:
फोटोत मापाची वस्तू नसेल तर काही कळणार नाही दादा. बंद पडलेलं एटीएम कार्ड घ्या, त्याची लांबी 85.6 मिमी असते, तड्याला लागून भिंतीवर सपाट चिकटवा आणि मोबाईल बरोबर समोर धरा, तिरका धरला की माप चुकलंच. झूम नको, जवळ जा. मग कंप्युटरवर इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्डाची लांबी किती पिक्सेल येते बघा. समजा 1712 आली तर एक पिक्सेल 0.05 मिमी झाला. रेघ मारताना तड्याला काटकोनात मारायची, सरळ आडवी मारली तर तिरका तडा आहे त्यापेक्षा रुंद दिसतो. बाजूनं ऊन येत असताना काढू नका, सावली पण तड्यातच मोजली जाते.

विटामाती:
दादा, पाया काळ्या मातीत आहे का? ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळं तडा उघडतो मिटतो. दोन महिन्यांवरून घाबरू नका, मे आणि सप्टेंबर दोन्हीचे फोटो हवेत. आणि थोडं प्लास्टर खरवडून बघा, आत वीट फुटलीय का.

कृष्णाकाठ:
खरवडलं, तडा विटेतून पण गेलाय. माती काळीच आहे. कार्ड 1712 च्या जवळपासच आलं, तडा 22 पिक्सेल, म्हणजे 1.1 मिमी. पण तड्याची मर्यादा 0.3 मिमी असते ना?

साइटवाला:
ती 0.3 आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातली, आरसीसीसाठी म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी, विटेच्या भिंतीला लावू नका. कडा धूसर असतात म्हणून एकदोन पिक्सेल इकडंतिकडं होणारच, 0.1 मिमीचा फरक वाढ धरू नका. पेन्सिलनं तीन जागा खूण करा, तड्याच्या टोकाला तारीख टाका, दर वेळी तिथंच मोजा. पण तडा बीम किंवा कॉलममध्ये शिरला, नाहीतर खिडकी अडकायला लागली, तर फोटोची वाट बघू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी आणा आणि हात लावून बघायला सांगा.

कृष्णाकाठ:
खिडकी पावसाळ्यापासून अडकतेय ओ. लाकूड फुगलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. उद्याच बोलावतो.