पायी यात्रेचे पहिले दिवस : रोज किती चालावं?

प्रश्न
पुढच्या महिन्यात साडेपाचशे किलोमीटरच्या पायी यात्रेला एकटीच निघतेय. वय ५२. रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर चालते, दम लागत नाही. रोज २८ किलोमीटर धरले तर २० दिवसांत पोचते. पाय ताजे आहेत तोवर सुरुवातीलाच जास्त अंतर कापून ठेवावं का?

प्रतिसाद १
ताई, कळकळीने सांगतो, असं करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः यात्रा चाललोय. दम टिकतो, पाय टिकत नाहीत. स्नायू लवकर सरावतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते बरेच मागे राहतात. रोज सकाळी दहा किलोमीटर चालणं वेगळं आणि पाठीवर ओझं घेऊन लागोपाठ रोज २८ वेगळं. टाच आणि नडगी सहसा पहिल्याच आठवड्यात धरते, तीही आदल्या दिवशी काहीच दुखलं नसताना.

पहिले चार-पाच दिवस १५ ते १८ किलोमीटर. चालताना पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, चढावरसुद्धा. उतारावर तर आणखी हळू, छोटी पावलं. मांड्या खरं तर उतारच मोडतो आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. शरीर कुरकुरलं नाही तर मग दोन-दोन किलोमीटर वाढवा.

प्रतिसाद २
पाऊल एका जागी चुरचुरलं की तिथेच थांबा. मोजा काढा, पाय कोरडा करा, टेप लावा. 'पुढच्या मुक्कामी बघू' म्हटलं की फोड आलाच. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दिवसभरात पाय सुजतात.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पण वाटेत सोबत झालेले लोक पुढे निघून गेले तर? आणि नडगी दुखलीच तर वेदनाशामक गोळी घेऊन चालावं का?

प्रतिसाद १
जाऊ द्या त्यांना. दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवत चालणं मला सगळ्यात घातक वाटतं; आपली चाल बिघडते आणि गप्पांत कळतही नाही. गोळी घेऊन चालू नका, दुखणं झाकलं जातं आणि इजा वाढत राहते. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल किंवा सूज असेल, तर त्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच २० ऐवजी २६ दिवस हातात ठेवा. परतीचं तिकीट आत्ताच काढलं असेल तर पुढे ढकलता येतं का, तेवढं बघा.