मदत हवी आहे: एचआयव्हीवरच्या औषधाची (एआरटी) गोळी जवळच्या केंद्रावर मिळेल का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. आमच्या गावातल्या एका ताईला एचआयव्ही आहे. नाव-गाव विचारू नका, तिला शब्द दिला आहे. औषध फुकट आहे, रोजची एकच गोळी. पण ती आणायला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. सध्या कापूस वेचणी सुरू आहे, एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मागच्या महिन्यात गेलीच नाही.

गोळ्या डबीतून काढून ती तांदळाच्या कोठीत पुडीत ठेवते. सासूने तिचं ताट-पेला वेगळा केला, तो गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असतो. ताटाने, पेल्याने हा आजार होत नाही, हे मी दहादा सांगितलं. माझं कोण ऐकतं!

तालुक्याच्या लिंक एआरटी केंद्रावर, म्हणजे मोठ्या केंद्राशी जोडलेल्या छोट्या केंद्रावर, तिचं औषध वळवता येतं का? दोन-तीन महिन्यांचं एकदम मिळतं का? १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करणारच आहे, पण ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा. आणि सासूबाईंना समजावणारं, स्वतः औषधावर असलेलं कोणी आमच्याकडे येईल का? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी आहे, पण चुलीपाशी कायदा कसा सांगू?